खंड कितवा, पान कितवं?

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, हे आपल्याला शाळेतच शिकवतात. दर वर्षी त्या तारखेला कुठल्या ना कुठल्या सभागृहात भाषणं होतात, फलक लागतात. त्याच्या २१ वर्षं आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेत मांडवाखाली जमलेल्या हजारो अस्पृश्य माणसांनी माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा ठराव म्हणून संमत केला होता. ही गोष्ट मात्र चांगल्या शिकलेल्या मराठी माणसालाही ठाऊक नसते. २५ डिसेंबर म्हटलं की मनुस्मृतीचं दहन आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या जन्मानं ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्यानं मांडला, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच परिषदेत त्या माणसांनी जुनं जाळण्याबरोबर त्या जागी काय हवं तेही सांगितलं होतं. माणसं जन्मतः समान दर्जाची असतात आणि मरेपर्यंत समानच राहतात, हे हक्क राखणं हेच राज्यकारभाराचं काम आहे, अशा अर्थाची कलमं तिथं मोठ्यानं वाचली गेली. ऐकणाऱ्यांत बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ज्या जागेवर मांडव पडला ती जागा फतेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली होती, कारण गावात दुसरं कुणी द्यायला तयार नव्हतं.

बाबासाहेब त्या दिवशी अध्यक्षीय भाषणात फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेबद्दल बोलले. आपली ही सभा त्या सभेच्या तोडीची आहे, असं त्यांनी समोरच्या शेतमजुरांना, गिरणी कामगारांना, पलटणीतून निवृत्त झालेल्यांना सांगितलं. अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो आणि ते प्यालो म्हणून अमर होणार नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला आपण तळ्यावर जायचं आहे, हा त्या भाषणाचा गाभा. मी ते भाषण कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटतं. समोरच्याला कमी समजून त्यात एकही वाक्य सोपं केलेलं नाही.

हे भाषण आपल्याला आज वाचायला मिळतं, कारण ते 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकात छापलं गेलं. ते पाक्षिक नसतं, तर महाडबद्दल आपल्या हाती पोलिसांचे अहवाल, कलेक्टरचा पत्रव्यवहार आणि विरोधात लिहिणारी वर्तमानपत्रं एवढंच उरलं असतं. ज्याच्या हक्काची गोष्ट आहे त्याचाच आवाज त्यात नसता. हे बाबासाहेबांना फार लवकर कळलं होतं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं तेव्हा शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही घ्यायला 'केसरी' तयार नव्हता. शिरोभागी तुकोबांचा अभंग होता: 'काय करूं आतां धरूनियां भीड, निःशंक हें तोंड वाजविलें'. पहिल्याच अंकातल्या 'मनोगता'त त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मायचं त्याच मजल्यावर मरायचं. तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि लंडनमधलं शिक्षण अर्धवट राहिलेलं होतं.

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडलं. या अडीच वर्षांची कहाणी त्यातल्याच एका लेखात आहे. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हे त्याचं शीर्षक. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं लिहून काढावे लागतात आणि एक पैचंही वेतन न घेता हे काम चाललंय, असं संपादक त्यात वाचकांना सांगतो. दिवसा न्यायालय, मग कायदेमंडळ, मग सभा, आणि रात्री हे रकाने! माणसाच्या हक्कांबद्दलचं मराठीतलं सगळ्यात धारदार लेखन असं, थकलेल्या रात्री, वर्गणी थकवणाऱ्या वाचकांसाठी झालं आहे.

आणि ते छापलं गेलं होतं सगळ्यात स्वस्त कागदावर.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातच आम्ल असतं. उजेड आणि हवा लागली की तो तपकिरी होतो, आधी कडा सुटतात, मग घडीवर तुकडे पडतात. कसर आणि वाळवी तर आपल्याकडे पाचवीला पुजलेली. त्यात ज्यांच्या घरी हे अंक जात, त्यांची घरं कुडाची, पत्र्याची, गळकी. पावसाळ्यात माणसांनाच कोरडी जागा मिळायची मारामार. तिथं शंभर वर्षांपूर्वीचं पाक्षिक टिकावं ही अपेक्षाच कुणी करू नये. तरी काही अंक टिकले. सगळे नाही. 'मूकनायक'चे तर सगळे अंक आजही हाती नाहीत. जे आहेत ते कुणाच्या ना कुणाच्या पेटीत, देवळीत, माळ्यावर, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते म्हणून आहेत. ठेवणाऱ्यांतल्या पुष्कळांना ते वाचताही येत नव्हते.

१९९० मध्ये महाराष्ट्र शासनानं 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांच्या अंकांचा एकत्र ग्रंथ काढला. आमच्या गावातल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. खाली वंदना होते, वर पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. तिथल्या कपाटात हा ग्रंथ आहे. रविवारी सकाळी मी तो मोठ्यानं वाचते, पोरं ऐकतात, मग आळीपाळीनं तीही वाचतात. सुरुवातीला त्यांना ती भाषा जड जाते. ज्ञानेश्वरीतल्या ओव्या, संस्कृत वचनं, लांबलचक वाक्यं. तासाभरात मात्र लय सापडते आणि मग हशाही पिकतो, कारण बाबासाहेबांची मराठीतली टोलेबाजी इंग्रजीतल्या लेखनात तेवढी दिसत नाही. एकदा एक मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "ताई, हे तर आपल्याकडच्या माणसासारखं बोलतात." मोठा माणूस पुतळ्यावरून उतरून असा शेजारी येऊन बसतो, तो फक्त त्याच्या स्वतःच्या शब्दांतून.

बाबासाहेबांचं लेखन टिकलं कसं, ही कहाणी या मुलांना मी मुद्दाम सांगते. त्यांना वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाचे कागद, घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचे कागद, सरकारनं लगेच सांभाळले असतील. तसं झालं नाही.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेब गेले. टेबलावर, कपाटांत, पेट्यांत कागदांचे ढीग होते. अपुरी पुस्तकं, टंकलिखित प्रकरणं, त्यांवर त्यांच्या हातच्या दुरुस्त्या. या कागदांपैकी पुष्कळ नानकचंद रत्तू यांनी टाइप केलेले होते. रत्तू पंजाबातल्या होशियारपूरचे, दिल्लीत सरकारी नोकर. दिवसभर कचेरी करून संध्याकाळी अलीपूर रोडला यायचे आणि रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसायचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पत्नी सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांचे आभार मानले, तसे रत्तू आणि प्रकाशचंद या दोन टंकलेखकांचेही मानले. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये ग्रंथ निघाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात आलीच नाही. ती वाचकांपर्यंत पोचली पुढे १९८० मध्ये, भगवान दास यांच्यामुळे.

भगवान दास हे नाव महाराष्ट्रात जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. सरकारी समिती वगैरे काही नसताना, साठच्या दशकात, त्यांनी बाबासाहेबांची इंग्रजी भाषणं शोधून, निवडून छापायला सुरुवात केली. ती पुस्तकं जालंधरहून निघत. १९८३ मध्ये त्यांनी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपआयोगासमोर अस्पृश्यतेबद्दल साक्ष दिली. ज्या माणसानं भाषणांचे कागद गोळा केले, त्यानंच ते प्रश्न जगाच्या मंचावर नेले, हा योगायोग नाही. इतकी वर्षं ते कागद हाताळल्यावर तो माणूस दुसरं काय करणार होता?

अलीपूर रोडच्या घराचं पुढं काय झालं ते रत्तूंनी लिहून ठेवलंय. घर दुसऱ्याच्या मालकीचं झालं. १९६७ च्या जानेवारीत खोल्या रिकाम्या करताना कागदपत्रं बाहेर अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजून गेली. त्यात काय काय होतं ते आता कधीच कळणार नाही. हा परिच्छेद मी मुलांना वाचून दाखवते तेव्हा कुणी बोलत नाही. मीही पुढं लगेच काही सांगत नाही.

जे कागद वाचले ते न्यायालयाच्या ताब्यात गेले आणि तिथून सरकारी प्रशासकाकडे आले. पेट्या कुलूपबंद. वारसांची संमती, ताबा कुणाचा, हक्क कुणाचा, यात वर्षं गेली. नागपूरचे एक वकील, जे. बी. बनसोड, यांनी नागपूर खंडपीठात दावा लावला. त्यांचं मागणं साधं होतं: हे अप्रकाशित लेखन मला छापू द्या, नाहीतर सरकारला छापायला सांगा. त्या वकिलाला यातून काय मिळणार होतं? काही नाही. एका वाचकानं आपल्या वाचण्याच्या हक्कासाठी सरकारला न्यायालयात उभं केलं, एवढीच ती गोष्ट आहे, आणि मला ती फार मोठी वाटते. दावा पुढे दिल्लीला गेला आणि वर्षानुवर्षं पडून राहिला.

१५ मार्च १९७६ ला महाराष्ट्र शासनानं डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती स्थापन केली. त्या कामाला वसंत मून मिळाले. नागपूरच्या महारपुऱ्यात वाढलेले, समता सैनिक दलात घडलेले, महसूल खात्यात अधिकारी. माझ्या मते हा त्या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण होता. समित्या आपल्याकडे उदंड होतात. फायली फिरतात, मुदतवाढ मिळते, अहवाल येतो. मून त्यातले नव्हते. तरुणपणापासून ते बाबासाहेबांचा कागद न् कागद स्वतःसाठी जमवत होते. त्यांनी सविताबाईंशी, प्रकाश आंबेडकर आणि कुटुंबीयांशी बोलून संमती मिळवली. प्रशासकाकडच्या पेट्या १९८१ मध्ये मंत्रालयात शिक्षण विभागाच्या ताब्यात आल्या. समितीनं काढलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड तोवर निघालाही होता, १४ एप्रिल १९७९ ला.

पेट्या उघडल्यावर खरं काम सुरू झालं. प्रकरणं सुटी, काहींना शीर्षक नाही, काहींची पानं गहाळ, एकाच मजकुराच्या दोन-दोन प्रती आणि दोन्हींवर वेगळ्या दुरुस्त्या. कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं हे ठरवायला बाबासाहेबांची विचारपद्धती अंगात मुरलेली असावी लागते. 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' हा ग्रंथ अपुराच मिळाला आणि अपुराच छापला गेला. पान सापडलं नाही तर सापडलं नाही, असं संपादकांनी तिथं नोंदवलं आहे. रिकाम्या जागा स्वतःच्या वाक्यांनी भरून काढल्या नाहीत. मला हा प्रामाणिकपणा या सगळ्या खंडांतली सगळ्यात मौल्यवान गोष्ट वाटते. आपल्याकडे थोरांचं लिखाण 'सुधारून' छापायची खोड जुनी आहे.

१९८७ मध्ये चौथा खंड आला, 'हिंदू धर्मातील कोडी'. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. मोर्चे निघाले. परिशिष्ट मागे घ्यायची भाषा झाली. मग फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि शेवटी मजकूर राहिला; या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी तळटीप तेवढी जोडली गेली. लेखकाच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी त्याच्या एका परिशिष्टासाठी लाखो माणसं रस्त्यावर उतरली. त्यांतल्या किती जणांनी तो इंग्रजी खंड वाचला असेल? फार थोड्यांनी. पण आपल्या माणसानं लिहिलेलं एकही पान आता कुणाला काढू द्यायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जतन म्हणजे हवाबंद खोली आणि पांढरे हातमोजे एवढंच समजणाऱ्यांनी हा मोर्चा आठवावा.

मून २००२ मध्ये गेले. सोळा खंड त्यांच्या हातून निघाले. पुढचं काम हरी नरके आणि इतरांनी नेलं.

बाराव्या खंडात, १९९३ मध्ये, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं छोटं आत्मकथनपर लेखन आलं. त्याआधी १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते पुस्तिका म्हणून काढलं होतं. म्हणजे लिहिल्यानंतर अर्धशतक ते कागदावर नुसतं पडून होतं. १९०१ सालची गोष्ट आहे. नऊ-दहा वर्षांचा भीम, थोरला भाऊ आणि भाचे असे नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. घ्यायला कुणी येत नाही. स्टेशन मास्तर प्रेमानं चौकशी करतो आणि पोरं जात सांगतात. मग त्याचा चेहरा पालटतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान सोबत बसायला तयार नाही. पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं, असं ठरतं. डबा भरलेला आहे, पण रात्रभर प्यायला पाणी नाही, म्हणून उपाशी झोपायचं. हे इतकं शांतपणे, एकही विशेषण न वापरता लिहिलंय की वाचणाऱ्याचाच घसा कोरडा पडतो. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात हे लेखन शिकवलं जातं. मसूर साताऱ्यापासून फार लांब नाही. आपल्या किती शाळांत ते पूर्ण वाचलं जातं?

बाबासाहेबांची पत्रं अशीच कुठे कुठे सापडतात. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का, भारतातले अस्पृश्यही असंच काही करायच्या विचारात आहेत, असं त्यात आहे. दोघांच्या परिस्थितीत इतकं साम्य आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास करणं स्वाभाविकच नव्हे, गरजेचं आहे, असंही ते लिहितात. ड्यू बॉइस यांचं ३१ जुलै १९४६ चं उत्तर सहानुभूतीचं आहे. ही दोन्ही पत्रं आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहेत, आणि घरबसल्या मोबाइलवर बघता येतात. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा तेव्हा अजून लिहिला जायचा होता. अभ्यासिकेतल्या मुलांनी ते पत्र स्वतः उघडून बघितलं. वर बाबासाहेबांचा पत्ता, खाली सही. एका मुलानं ते पडद्यावर मोठं करून सहीतलं एकेक अक्षर न्याहाळलं.

तिकडच्या विद्यापीठानं एका माणसाचे कागद नीट लावले म्हणून आपल्या माणसाचं पत्र आपल्याला मिळालं. आपल्याकडे काय चाललंय? परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड फुकट उतरवून घेता येतात, ही चांगलीच सोय आहे. पण छापील खंडांची अवस्था अशी की डिसेंबर २०२१ मध्ये एका मराठी वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. बातमीत म्हटलं होतं की नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापले गेले फक्त ३३ हजार खंड. कागद गोदामात पडून. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या गाठोड्याशेजारी पुस्तकांचं गाठोडं बांधून परत जातात. हव्या त्या खंडासाठी शासकीय ग्रंथागाराच्या स्टॉलवर लोक उभे असतात आणि 'संपला' हे उत्तर ऐकतात. ज्या राज्यात पुस्तकासाठी अशी माणसं उभी राहतात, तिथं कागद गोदामात सडू देणं हा त्यांच्या वाचण्याच्या हक्काचा भंग आहे. मला याहून मवाळ शब्द वापरता येत नाही.

कायद्याचा एक भाग इथं सांगायलाच हवा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत छापून आलेलं सगळं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुलं आहे. 'जातिसंस्थेचं निर्मूलन' कुणीही छापू शकतं. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं ज्या परिषदेसाठी हे भाषण लिहिलं होतं ती परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते पदरमोड करून दीड हजार प्रती काढून छापलं होतं आणि दोन महिन्यांत प्रती संपल्या होत्या. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाला मात्र प्रसिद्धीच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९८७ मध्ये आलेल्या खंडांतलं अप्रकाशित लेखन २०४७ संपेपर्यंत बांधलेलं आहे. पेट्यांत आधी २५ वर्षं गेली आणि पेट्यांतून उशिरा बाहेर आलं म्हणून आता आणखी वर्षं. पण 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांतलं लेखन बांधलेलं नाही. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त कष्ट लागतात.

म्हणून आमच्या अभ्यासिकेत टंकन सुरू केलं. यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायचा प्रयत्न मुलांनी केला, पण जुन्या मुंबई वळणाचे छपाईचे खिळे, पुसट छपाई आणि जोडाक्षरं यांच्यापुढे त्याची भंबेरी उडते. शेवटी एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, तिसऱ्यानं मूळ पानाशी ताडून बघायचं, अशी पद्धत बसली. पहिला वाद शुद्धलेखनावरून झाला. १९६२ च्या नियमांआधीचं लेखन म्हणजे 'नाहीं', 'कांहीं', अनुस्वारच अनुस्वार. परीक्षेची सवय असलेली मुलं ते आपोआप 'दुरुस्त' करत. मी आग्रह धरला की एकही टिंब काढायचं नाही. जसं छापलं तसंच. वाचायला सोपी आवृत्ती करायची तर ती शेजारी वेगळी करू, पण आधी मूळ.

दुसरा नियम मोबाइलवरच्या संदेशांसाठी. बाबासाहेबांच्या नावानं रोज वाक्यं फिरतात, सुंदर चौकटीत, फोटोसकट. त्यांतली किती त्यांची आहेत? आमच्या गटात कुणी वाक्य टाकलं की लगेच विचारणा होते: खंड कितवा, पान कितवं? सांगता आलं तर वाक्य राहतं, नाहीतर टाकणारा स्वतःच काढून घेतो. सुरुवातीला काही जण दुखावले. एक काका म्हणाले, "भावना चांगली आहे ना, मग झालं." मला तसं वाटत नाही. ज्या माणसानं प्रत्येक विधानामागे आधार दिला, विरोधकाचंही म्हणणं आधी पूर्ण उतरवून मग खोडलं, त्याच्या तोंडी भलतं वाक्य घालणं म्हणजे त्याला पुन्हा मुका करणं. खोट्या वाक्यांचा ढीग वाढला की एक दिवस खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि खंडांकडे जायची गरजही कुणाला वाटणार नाही.

आता राहिली आहे 'जनता'. २४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झालेलं हे पत्र १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत चाललं. पाव शतक! पुणे करारापासून धर्मांतराच्या उंबरठ्यापर्यंतचा काळ त्यात आठवड्या-आठवड्यानं आहे. मोठ्या भाषणांबरोबर गावोगावची पत्रं आहेत: कुठं विहिरीवर मारहाण झाली, कुठं वरात अडवली, कुठल्या शाळेत मुलांना बाहेर बसवलं, कुठं सभेला किती वर्गणी जमली. बाबासाहेबांनी हक्कांची जी मांडणी केली तिचा कच्चा माल हा आहे, आणि तो त्या माणसांनी स्वतःच्या अक्षरात पाठवलेला होता. हे अंक अजून घराघरांत आहेत. आमच्या तालुक्यातल्या एका आजोबांनी त्यांच्या वडिलांनी ठेवलेले काही अंक आणून दिले. एका अंकाचा खालचा अर्धा भाग गेलेला आहे, आणि त्यात आमच्याच भागातल्या एका गावाची बातमी वाक्याच्या मध्येच तुटते.

म्हणून हे वाचणाऱ्यांना सांगणं आहे. घरात आजोबा-पणजोबांची पेटी असेल तर ती उघडा. कागद एकदम उलगडू नका. घडी सुटत नसेल तर तशीच राहू द्या. चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरं घेऊन जाते. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन पानांमध्ये स्वच्छ पांढरा कागद घाला, सपाट ठेवा, दमट भिंतीपासून लांब. फोटो दिवसा, खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी काढा, फ्लॅश नको. पान सरळ राहत नसेल तर त्यावर साधी काच अलगद ठेवा. आधी पूर्ण पान, मग रकाना-रकाना. आणि तारीख-अंक असलेला वरचा कोपरा सुटू देऊ नका, नाहीतर बातमी हाती येते आणि ती कधीची हे कळत नाही. मूळ अंक कुणाला देऊ नका, तो तुमच्याच घरात राहू द्या. फोटो तेवढे जवळच्या विहारात, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा असं काम करणाऱ्या कुणाकडेही द्या. त्यांतल्या एखाद्या अंकात आमच्या त्या गावाची बातमी पूर्ण असू शकते.